वह्या मागितल्या म्हणजे चोर म्हटलं असं नाही

नमस्कार सर, तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. बेळगावकडच्या खानापूर भागातले जुने कोरीव दगड आणि कागद उतरवून ठेवणाऱ्या आमच्या गुरुजींच्या वह्या कुणाकडं असतील तर कळवा असं मी लिहिलं होतं, त्यावर तुम्ही म्हणता की ज्यांनी एवढी वर्षं त्या सांभाळल्या त्यांनाच तुम्ही चोर ठरवताय, आणि या भागातले जुने कोरीव लेख छापून झालेत, आता जुन्या वह्या कशाला.

चोर कुणालाच म्हटलेलं नाही हो. गुरुजी स्वतःच कुणालाही वही वाचायला द्यायचे, कुणाला दिली ते लिहून ठेवायची सवय नव्हती, त्यामुळं ते गेल्यावर घरच्यांनाही पत्ता लागेना. वाळवीपासून ज्यांनी वाचवल्या त्यांचे उपकारच आहेत. पण मजकुराचा कॉपीराइट लेखकामागं वारसांकडं असतो, आणि वारसांनाच तो अभ्यासकांना खुला करायचाय.

दुसरं मात्र अजिबात पटलं नाही. हलशीचे कदंब राजांचे ताम्रपट फ्लीट या इंग्रज अभ्यासकानं इंडियन अँटिक्वेरी या नियतकालिकात छापले, ते कुठं जात नाहीत. गुरुजींच्या वह्यांत काय आहे तर शेताच्या बांधावरचे वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणाचे दगड), गद्धेगाळ (दान मोडणाऱ्याला गाढवाच्या चित्रासह शाप कोरलेले दगड), देवळातल्या पायरीचे दगड, लोकांच्या घरातले मोडी कागद. यातले काही दगड रस्त्याच्या भरावात गेले, काहींवर ऑइलपेंट बसलाय, म्हणजे आता वहीतली नक्कल हाच पुरावा. आणि नुसतं वाचन नाही, कुठलं अक्षर झिजलंय, कुठं अंदाजानं वाचलंय, कुणी काय सांगितलं हे सगळं समासात आहे, जे छापून झालंय त्यात यातलं काहीच आलं नाही. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी 1909 साली जुन्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली, ती मूळ पोथी पुढं हरवली, आणि त्यांचा एखादा पाठ पोथीतलाच की कसं हे ताडून बघायला आज काही हातात नाही. एवढ्या मोठ्या माणसाच्या कामाचं हे झालं, मग आमच्या गुरुजींचं कोण राखणार?

मूळ वही कुणी देऊन टाका असंही म्हणत नाही. तुमच्या घरी येऊन, तुमच्यासमोर फोटो काढतो आणि वही तिथंच ठेवतो. फक्त तोवर फाटक्या पानांना सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर नकोच, आणि मधे घातलेल्या चिठ्ठ्या ज्या पानात आहेत तिथंच राहू देत, कारण कुठली चिठ्ठी कुठल्या दगडाची ते त्यावरूनच कळतं.

नंदगडला मामांकडं दोन बाडं आहेत असं तुम्हीच लिहिलंय. मामांना विचारून बघा की, ते म्हणतील त्या दिवशी येतो, तुम्हीही थांबा.