टॉवर येतोय? मग विरोध नीट शिकून घ्या

बडोद्यात समा साइडला तुमच्या सोसायटीला लागून पत्रे ठोकलेत, आणि 22 मजली टॉवरचा बोर्ड लागलाय ना? घाबरू नका, आम्ही यातून गेलोय.

पहिलं काम, ग्रुपवर टाकायचं, "सयाजीरावांच्या राज्यात असं झालं नसतं!" बडोद्यात मराठी माणसाचा विरोध इथूनच सुरू होतो, नाहीतर कोणी धरतच नाही. एखादं आगाऊ कार्टं म्हणेलच की महाराजांनी 1890 साली लक्ष्मी विलास राजवाड्यावर स्वतःच केवढा उंच टॉवर काढला, त्याला गुलाबाचं फूलवालं गुड मॉर्निंग पाठवून द्या, विषय खलास.

मग प्रायव्हसी. वरचे लोक आपल्या गच्चीत बघतील म्हणजे काय! गच्चीत काय तर कुरडया आणि एक फुटकी टाकी, पण प्रश्न तत्त्वाचा आहे.

विश्वामित्री नदीच्या पुराचा मुद्दा मात्र जपून, कारण तो खरा आहे आणि खऱ्या मुद्द्यावर अभ्यास करावा लागतो. 2019 ला 31 जुलैला एका दिवसात वीसेक इंच पाऊस पडला, 2024 च्या ऑगस्टमध्ये तर नदी 25 फुटांची धोक्याची लेव्हल सोडून 35 च्या वर गेली, सोसायट्यांमधून मगरी फिरल्या आणि आपण पहिल्या मजल्यावरून व्हिडिओ काढले. आता तिथेच दोन बेसमेंट खोदतायत. पाणी भरलं की कुठे जाणार असं कोणी विचारू नका, फक्त लिहा, "चला, मगरींना व्हिजिटर पार्किंग झालं 😂" पन्नास लाइक पक्के.

आणि हो, रस्ता मोजायच्या भानगडीत अजिबात पडू नका. बिल्डिंगची उंची समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरते हे खरंय, म्हणजे एक टेप घेऊन दोन माणसं उभी राहिली तर निम्मं काम होतं, पण आमच्याकडे हेच केलं आणि टेप धरल्या धरल्या आमच्याच लाइनीतले तीन ओटले, एक तुळशीवृंदावन आणि सेक्रेटरींच्या गाडीचा शेड रस्त्यात निघाला. टेप गुंडाळली, चहा घेतला.

तसंच गुजरेरा, म्हणजे बिल्डरांच्या स्कीम नोंदवणारं गुजरातचं सरकारी खातं, त्याच्या पोर्टलवर स्कीमचा मंजूर नकाशा फुकट बघता येतो, तिथेही नको. गेल्यावर आधी टू बीएचकेचा कार्पेट बघावासा वाटतो, मग भाव.

शेवटी लेखी अर्ज. आमचा काकांनी लिहिला, अस्सल शुद्ध मराठीत, "सदनिकासंकुलामुळे उद्भवणारी जलनिकासाची समस्या" वगैरे. मग कोणाला तरी आठवलं की ऑफिस गुजरातीत चालतं. गुजराती केलं, तर दोन वहिनींचं र्‍हस्व-दीर्घावरून वाजलं, "पाणी"चा ણી पहिला की दुसरा यावर रविवार गेला, तोवर पलीकडे दुसऱ्या बेसमेंटची माती ट्रकने निघून गेली. तो अर्ज अजून माझ्या ऍक्टिव्हाच्या डिकीत आहे, चौदा सह्या, आणि सेक्रेटरींच्या सहीच्या जागी सेव उसळच्या तरीचा डाग.