पयल्या दोनच पानांची झेरॉक्स

कोल्हापूर महापालिकेपासून हाकेच्या अंतरावर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. वीसेक वर्षं झाली. त्यामुळं सभागृहाचा अजेंडा मी फुकटात वाचत आलोय. महिन्याची सर्वसाधारण सभा जवळ आली की कुणातरी नगरसेवकाचा पोरगा गठ्ठा घेऊन यायचा आणि ठरलेलं वाक्य टाकायचा, "आण्णा, पयल्या दोन पानांची मारा. बाकीचं ऱ्हाऊ दे."

पहिल्या दोन पानांवर विषयांची नुसती यादी असते. नंबर आणि एक ओळ. मागच्या पन्नास-साठ पानांत ऑफिस प्रस्ताव. रक्कम किती, कुठल्या बजेट हेडमधून, जागेचा कुठला रि.स.नं. (रिव्हिजन सर्व्हे नंबर), कायद्याचं कुठलं कलम. म्हणजे ज्याच्यासाठी हात वर करायचा, तेवढंच नेमकं 'ऱ्हाऊ दे'.

हे आत्ता आठवायचं कारण, सभागृह परत आलं. नोव्हेंबर 2020 ला मुदत संपली, त्यानंतर पाच वर्षं आयुक्तच प्रशासक. 15 जानेवारी 2026 ला मतदान झालं, 81 जण निवडून आले. गुलाल अजून काहींच्या गाडीच्या सीटवर आहे. प्रचाराची पत्रकं बहुतेक माझ्याच मशिनवर निघाली, त्यामुळं सांगू शकतो: गटर, पाणी, लाईट, रस्ता. क्रम तेवढा वेगळा.

माझं म्हणणं काहींना झोंबेल. गटर काढून घेणं हे नगरसेवकाचं काम नव्हे. 1949 च्या महापालिका कायद्यात अंमलबजावणीचे अधिकार आयुक्तांकडे आहेत. नगरसेवक मुकादमाला कायद्यानं हुकूम देऊ शकत नाही. तो फोन करतो आणि समोरचा ऐकतो, एवढंच. फोन तुम्हीआम्हीही करू शकतो, ऐकेल न ऐकेल. पण घरफाळ्याचा, म्हणजे घरपट्टीचा, दर काय लावायचा हे ठरवताना तुमचामाझा हात वर होत नाही. दर वर्षी 20 फेब्रुवारीच्या आत पुढच्या वर्षाच्या करांचे दर सभागृहानं ठरवायचे असतात. त्या दिवशी आपला माणूस कुठं होता, हे कधी कुणी विचारलंय? लाईट गेली तर रात्री अकराला त्याची बेल वाजवतो आपण.

बजेटचं तसंच. आयुक्त ते स्थायी समितीपुढं ठेवतात, तिथले 16 जण त्यात फेरफार करतात, मग ते सभागृहात येतं. आपल्याकडं स्थायीत कोण जाणार यावर जेवढी चर्चा होते, त्याच्या दहाव्या हिश्श्यानंही बजेटच्या पानांवर होत नाही. (का होत नाही, ते कोल्हापूरकराला सांगायला नको. 'कारभारी', म्हणजे पडद्यामागून सूत्रं हलवणारा, आणि 'ढपला', म्हणजे कामातून मारलेला पैसा, हे दोन शब्द आपण उगाच नाही वापरत.) उपविधी करायचा अधिकारही सभागृहाचा, शासनाच्या मंजुरीनं. शहरापुरता छोटा कायदाच तो. हा शब्द एकाही पत्रकात दिसला नाही मला.

प्रशासकाच्या काळात काय झालं? प्रस्ताव ठेवणारे तेच, मंजूर करणारे तेच, आणि अंमल करणारेही तेच. काही कामं पटापट झाली, खोटं कशाला बोलू. पण एका माणसानं स्वतःलाच प्रश्न विचारायचा आणि स्वतःच उत्तर द्यायचं, हे घरातसुद्धा धड चालत नाही. माझ्या दुकानात अजेंडा यायचा बंद झाला, ते मला जाणवलं. गल्लीत बाकी कुणाला काही कमी झाल्यासारखं वाटलं नाही. हे मला प्रशासक राजवटीपेक्षा जास्त लागलं.

आता माझीच चूक सांगतो. आमच्या घरामागं एक मोकळी जागा होती. पोरं तिथं फुटबॉल खेळायची. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. विकास आराखड्यात तिच्यावर क्रीडांगणाचं आरक्षण. आम्हाला वाटायचं, आरक्षण आहे म्हणजे जागा आपलीच. तसं नसतं. दहा वर्षांत संपादन झालं नाही, तर मालक नगररचना कायद्याच्या कलम 127 खाली महापालिकेला 'जागा खरेदी करा' अशी नोटीस देऊ शकतो. मग ठरावीक मुदतीत संपादनाचं पाऊल उचललं नाही, तर आरक्षण आपोआप गळून पडतं. आता ती मुदत 24 महिन्यांची आहे, तेव्हा कमी होती. मालकाचं यात काही चुकत नाही, त्याच्या जागी मी असतो तर मीही नोटीस दिली असती.

तर तो विषय सभेपुढं आला. रि.स.नं. आणि 'खरेदी सूचनेबाबत निर्णय घेणे' एवढीच ओळ. त्या महिन्यात एकानं नेमकी सगळ्या गठ्ठ्याची झेरॉक्स मागितली होती, दोन प्रती. ते पान माझ्या हातून गेलं. गरम कागद मी दोनदा उचलला, टाचण्या मारल्या, आणि तो नंबर आमच्याच मागच्या जागेचा आहे हे मला कळलं नाही. सभेत ठराव झाला, 'विषय पुढील सभेत घ्यावा.' पुढची सभा दुखवट्याचा ठराव करून तहकूब. त्याच्या पुढच्या सभेत पुन्हा 'पुढील सभेत'. कुणी विरोध केला नाही, कुणी बाजू घेतली नाही. मुदत संपली. 'पुढील सभेत' हाही निर्णयच असतो, हे आम्हाला तिथं पत्र्याचं कंपाऊंड लागलं तेव्हा समजलं.

शहरातल्या रस्त्यांवर बसवलेल्या टोलचं आठवा. 220 कोटींच्या रस्त्यांचा करार झाला, त्यात महापालिका एक बाजू होती. पण कराराची कलमं आपण कधी चघळली? नाके उभे राहिल्यावर. मग ज्येष्ठ नेते एन. डी. पाटील सरांसारखा माणूस उतारवयात रस्त्यावर उतरला, गोविंद पानसरे अण्णा उतरले, निम्मं शहर उतरलं. डिसेंबर 2015 मध्ये टोल गेला. लढलो, जिंकलो, त्याचा अभिमान आहेच. पण करार टेबलावर होता तेव्हाच वाचला असता, तर त्या लढ्याची निम्मी मेहनत टळली असती, असं माझं मत आहे. शिव्या द्यायच्या तर द्या.

सभागृहाच्या हातात सगळं आहे असंही नाही. हद्दवाढच बघा. 1972 ला महापालिका झाली तेव्हाची 66.82 चौरस किलोमीटर हद्द आजही तेवढीच. ठराव झाले, आंदोलनं झाली, पण हद्द वाढवायची की नाही ते मुंबईत ठरतं. शिवाय सभागृहाचा ठराव कायद्याला किंवा लोकहिताला धरून नाही असं आयुक्तांना वाटलं, तर ते तो विखंडनासाठी, म्हणजे रद्द करायला, शासनाकडं पाठवू शकतात. म्हणून काय ठरावच वाचायचा नाही?

सभा लोकांना खुली असते. गॅलरीत बसता येतं. मी दोन-चारदा बसलोय. शेजारी कोण होतं? पत्रकार, आणि एकदा एक आजोबा, ते चुकून आले होते, त्यांना जन्म-मृत्यू विभाग पाहिजे होता.

परवा आमच्या प्रभागातल्या चौघा नव्या नगरसेवकांपैकी एक जण दुकानात आला, आयकार्ड लॅमिनेट करायला. चांगला पोरगा आहे, तालमीतला, धडपड्या. जाताना म्हणाला, "आण्णा, काय काम असलं तर हक्कानं सांगायचं. गटर, लाईट, काय बी."

म्हटलं, "एकच हाय. पहिला अजेंडा आला की अख्खा गठ्ठा हिकडं आण. सगळ्या पानांची मारून देतो, पैसं नकोत. फक्त एक प्रत मला ठेवायची."

हसला. "सगळी पानं? लई हुतील की."

लॅमिनेशनचे तीस रुपये देऊन गेला. मी गठ्ठ्याची वाट बघतोय.