आधी कुलूप, मग मतदान

वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची मुलं एकत्र आणून समूहशाळा काढायच्या, यासाठी 2023मध्ये सरकारने प्रस्ताव मागवले, पानशेत आणि तोरणमाळ इथल्या अशा शाळांचे दाखले दिले. तेव्हापासून गावी फोन केला की हाच विषय निघतो. परवा चुलतभाऊ म्हणाला, "तुमच्या अमेरिकेत आहेत का रे एका मास्तरच्या शाळा?"

होत्या की! 1930च्या सुमारास जवळजवळ दीड लाख. मी राहतो त्या नेब्रास्कात, बीट्रिस गावाजवळ फ्रीमन शाळा आहे. 1872ची, विटांची, एका खोलीची. निवडणुकीचं मतदान आणि गावच्या बैठकाही तिथेच व्हायच्या. बाई वर्गात बायबल वाचतात म्हणून डॅनियल फ्रीमन या शेतकऱ्याने तक्रार केली. शाळा मंडळाने बाईंची बाजू घेतली, तर हा गडी थेट कोर्टात गेला आणि 1902 साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकला. एवढ्याशा शाळेसाठी! आमच्या गावी शाळा व्यवस्थापन समितीचं रजिस्टर सह्यांसाठी घरोघरी फिरायचं. वाचायचं कुणीच नाही.

फ्रीमन शाळेचे वर्ग 1967मध्ये बंद झाले. आता ती पर्यटकांना दाखवतात. अशा शाळा गेल्या त्यात सगळंच वाईट झालं असं मी म्हणणार नाही. एका बाईंनी आठ इयत्ता सांभाळण्यापेक्षा मोठ्या शाळेतली प्रयोगशाळा आणि विषयवार शिक्षक केव्हाही बरे. पण इथे आधी रस्ते झाले, पिवळी बस आली. बर्फ साचलं तरी नांगर फिरवून रस्ता मोकळा करतात. आमच्या वाडीच्या फाट्यावरून पावसाळ्यात एसटी आत वळेल याची खात्री कोण देणार? पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, असा शिक्षण हक्काचा नियम आहे तो काही उगाच नाही. शाळा लांब गेली की आधी मुलीचं दप्तर खुंटीला लागतं.

आणि इथेही सगळं सुरळीत झालं नाही. फक्त प्राथमिक शाळा चालवणारी छोटी मंडळं मोठ्या मंडळांत विलीन करण्याचा कायदा नेब्रास्काने 2005मध्ये केला, तोही राज्यपालांचा नकाराधिकार ओलांडून. नोव्हेंबर 2006मध्ये मतदारांनी तो रद्द केला. पण मंडळं जूनमध्येच विसर्जित झाली होती. ती काही परत आली नाहीत.

म्हणून चुलतभावाला म्हटलं, ठराव ग्रामसभेत आधी घ्या, आणि बस एक अख्खा पावसाळा चालवून दाखवा म्हणावं. पट त्यानंतर मोजू.