शीड, सुकाणू आणि साडू

आमची पत्रिका पाहणाऱ्या गुरुजींनी माझे आणि बायकोचे सव्वीस गुण जुळवले. साडूंचे जुळवायचे राहिले.

साडू नोकरीनिमित्त गोव्यात असतात. तिथून गाशा गुंडाळून मायदेशी निघालेल्या एका परदेशी पाहुण्याने आपली शिडाची कयाक त्यांना निम्म्या किमतीत विकली. म्हणजे साडूंच्या मते निम्म्या. जानेवारीत आम्ही दोन्ही जावई सासुरवाडीला एकत्र आलो, तेव्हा ती टेम्पोतून देवबागला आली. देवबाग म्हणजे एका हाताला कर्लीची खाडी, दुसऱ्या हाताला समुद्र आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर माड, घरं आणि सासरे.

कयाक सोळा फूट लांब, पिवळीजर्द, दोन माणसं एकामागे एक बसतील अशी. सायकलसारखे पायडल मारले की पोटाखाली दोन पंख माशाच्या परासारखे हलायचे. मध्ये डोलकाठी, तिच्याभोवती गुंडाळलेलं शीड, मागे सुकाणू आणि दोन्ही बाजूंना एकेक उलांडी, म्हणजे होडी कलंडू नये म्हणून बाजूला तरंगणारा ओंडका. सासरे तिच्याभोवती म्हैस विकत घ्यायला आल्यासारखे फिरले. शेपटाकडून नाळेपर्यंत आणि परत.

"आमच्या होडयेक एकच उलांडी पुरता," ते म्हणाले. "तुमी दोघा आसास म्हणान दोन काय?"

साडूंनी त्यांना तोल, वजन, वाऱ्याचा दाब वगैरे समजावलं. सासऱ्यांनी ऐकून घेतलं आणि ते माडाला पाणी सोडायला गेले. मीही रात्री जागून अकरा व्हिडिओ पाहिले होते. अकराव्या व्हिडिओपर्यंत मला शिडाचं सगळं समजलं होतं. फक्त त्या सगळ्या व्हिडिओंमध्ये माणसं आधीच पाण्यात होती आणि हसत होती, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

सकाळी आठ वाजता घावणे आणि काळ्या वाटाण्याच्या उसळीवर हात मारून आम्ही कयाक ओढत किनाऱ्यावर नेली. नारिंगी जाकीट घातलेले आम्ही दोघं लांबून गॅस सिलिंडरसारखे दिसत होतो, असं बायकोने नंतर सांगितलं. साडू मोबाइलमधली यादी मोठ्याने वाचू लागले. विमानाच्या पायलटचा आव.

"सुकाणू?"

"ओके."

"दोर?"

"ओके."

"बूच?"

मी तेव्हा जाकिटाच्या चापात अडकलेली पोटाची वळी सोडवत होतो. "ओके," म्हणालो.

वल्हं एकच घेतलं. शीड असताना दुसऱ्याचं ओझं कशाला, असं साडूंचं मत पडलं.

शेजारी रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याचे, दोर आवरत एक म्हातारे काका बसले होते. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं, मग बोटांवर काहीतरी मोजलं. "आज धा तिथ. साडेसाताक भरती भरान गेली. आता सुकती लागली हा." कोकणात तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते. दशमीला साडेसात. हे गणित करायला मोबाइल लागत नाही, त्यामुळे आमच्याकडे ते नव्हतं. मग काकांनी विडी कानामागे लावली आणि मुद्द्यावर आले. "वारो मतलई. तो तुमका भायर व्हरतलो. परत हाडतलो कोण?"

"शीड," साडू म्हणाले.

काका पुन्हा दोर आवरू लागले.

आणि खरं सांगतो, पहिला तास स्वर्ग होता. शीड उघडलं, ते फुगलं आणि कयाक कोणीतरी पाठीत हात घालून ढकलावी तशी निघाली. मागे फेसाची बारीक रेघ, पायाखाली पाण्याची गुळगुळ. उत्तरेला सिंधुदुर्ग दिसत होता. १६६४ साली कुरटे बेटावर त्याची पायाभरणी करताना महाराजांच्या मनात काय असेल, ते त्या क्षणी मला आतून कळलं. मी स्वतःला मनातल्या मनात दर्यासारंग ही पदवीही देऊन टाकली. पुढे बसलेले साडू मागे वळून म्हणाले, "काय रे, उगाच लोक घाबरवतात!" मी पाठीमागे ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या फळीला आरामात टेकलो आणि पाय पसरले.

सव्वानऊला मी सहज किनाऱ्याकडे पाहिलं. किनारा नव्हता. माडांची एक दाढी तेवढी होती, दोन दिवस न केलेली. तिच्यात एका लॉजची गुलाबी भिंत ठिपक्याएवढी.

"भाऊजी, फिरूया?"

"फिरूया की."

फिरलो. शीड जे फडफडायला लागलं, ते लग्नाच्या मांडवासारखं. मतलई जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, म्हणजे आता घर थेट वाऱ्याच्या तोंडाशी. वाऱ्याच्या तोंडावर कुठलीही शिडाची होडी सरळ जात नाही. आधी तिरकं एका बाजूला, मग वळून तिरकं दुसऱ्या बाजूला, अशी वाट काढावी लागते. हे मला चौथ्या व्हिडिओपासून माहीत होतं. आम्ही तिरके उत्तरेला गेलो. वळलो. तिरके दक्षिणेला आलो. मी डोळ्यांवर हात धरून पाहिलं. गुलाबी ठिपका होता तिथेच होता, फक्त किंचित लहान झाला होता.

"अजून एक फेरी," साडू म्हणाले.

दुसऱ्या फेरीत ठिपका आणखी लहान. तिसऱ्या फेरीनंतर आमच्यात संवाद असा उरला नाही. कयाक तोंड घराकडे करायची, शीड फुगवायची, जोरात पाणी कापल्याचा आवाजही काढायची आणि खेकड्यासारखी आडवी समुद्रात सरकायची. पुढच्या माणसाची चूक असावी असं मागच्याला वाटत होतं. पुढच्याला काय वाटत होतं, ते त्याच्या मानेवरून कळत होतं.

"मधली पाटी खाली सोडली आहेस ना?" साडूंनी शेवटी विचारलं.

"कुठली पाटी?"

"अरे, पोटातून खाली पाण्यात सोडायची फळी! तिच्याशिवाय होडी आडवीच घसरणार. तू कशाला टेकून बसला आहेस?"

मी कशाला टेकून बसलो होतो ते सांगायला नको. ती फळी मांडीखालच्या फटीतून खाली सोडली मात्र, कयाक शहाण्या मुलासारखी तिरकी पुढे जाऊ लागली. ठिपका वाढला. भिंतीला खिडक्या फुटल्या. आम्ही पुन्हा एकमेकांशी बोलायला लागलो.

आणि वारा पडला.

पडला म्हणजे पार. सकाळचा मतलई साडेदहाच्या सुमारास संपतो आणि समुद्राकडचा खारा वारा जमीन चांगली तापल्यावर येतो. मधल्या वेळात दर्या पंगत उठून गेलेल्या कार्यालयासारखा. शीड ओल्या लुंगीसारखं लोंबत होतं. हरकत नाही, पायडल आहेत, म्हणून आम्ही पाय मारायला सुरुवात केली, तर दहाव्या मिनिटाला खालून करकर आवाज आला आणि पायडल रुतले. कुणाच्या तरी फाटक्या नायलॉन जाळ्याचा तुकडा पंखांत गुंतला होता. साडूंनी खांद्यापर्यंत हात पाण्यात घालून ओढला, दातांनी तोडायचा प्रयत्न केला, त्या जाळ्याच्या मूळ मालकाच्या घराण्याचा उद्धार केला. जाळं टिकाऊ निघालं. उरलं एक वल्हं. शंभर वल्ही त्यांची, शंभर माझी, असं ठरलं. माझी शंभर साठलाच पूर्ण व्हायची.

चालत्या होडीपेक्षा थांबलेली होडी जास्त डुलते. उसळीतला काळा वाटाणा हे प्रकरण पचायला किती जड असतं, ते मला साडेअकराला कळलं. मी डाव्या उलांडीवर वाकलो. बारीक चंदेरी मासे कुठून आले कोण जाणे, पण पाच सेकंदांत आले. माझ्या स्वयंपाकाचंही इतकं स्वागत कधी झालेलं नाही. कपाळावरचं सनस्क्रीन वितळून डोळ्यांत उतरलं होतं, त्यामुळे वरून कोणी पाहिलं असतं तर मी ढसाढसा रडतोय असंच वाटलं असतं.

आणि पाहिलंच. डॉल्फिन दाखवायला निघालेली बोट नेमकी तेव्हाच जवळ आली. सकाळपासून डॉल्फिन दिसले नसावेत, कारण वीस मोबाइल एकदम आमच्याकडे वळले. "मम्मी, ते काका काय करतायत?" एक लहान मुलगी म्हणाली. मम्मीने तिचे डोळे झाकले आणि स्वतःचा व्हिडिओ चालू ठेवला.

"ओ, मदत होयी काय?" बोटवाल्याने विचारलं.

"नको नको, आम्ही मजेत आहोत," साडू म्हणाले. मी तोंड पुसून हात वर करेपर्यंत बोट गेलीसुद्धा. ह्या एका वाक्याचा हिशेब मी अजून वसूल केलेला नाही.

बाराच्या पुढे पश्चिमेकडे पाण्यावर एक काळसर रेघ दिसली. आधी वाटलं, सावली. मग ती सरकायला लागली. अलीकडचं पाणी काचेसारखं गुळगुळीत, पलीकडचं काटा आलेल्या अंगासारखं. रेघ आमच्यापर्यंत आली, कानावर गार वारा लागला, शीड एकदा झटकलं आणि टच्च भरलं. खारा वारा! आम्ही इतक्या मोठ्याने ओरडलो की सिंधुदुर्गावरच्या पर्यटकांनी वळून पाहिलं असेल. कयाक घराकडे सुसाट. गुलाबी भिंत, तिच्यावरची अक्षरं, वाळूवरच्या छत्र्या, माणसं. किनाऱ्यावर आमची सगळी सासुरवाडी उभी होती. सासूबाईंनी पदर कपाळावर धरला होता.

"ही जरा जड वाटत नाही का?" साडूंनी विचारलं.

"घावणे," मी म्हणालो. पण माझे घावणे तर मघाशीच मासे घेऊन गेले होते.

आता ओहोटी तळाला आली होती. अशा वेळी किनाऱ्याअलीकडचा वाळूचा दांडा वर येतो आणि सकाळी जिथून आपण निवांत गेलो, तिथे लाटा उभ्या राहून फुटतात. शीड त्याच्या आधी गुंडाळायचं असतं. गुंडाळायचा दोर निळा की लाल, यावर आमचं एकमत होण्याआधीच मागून लाट आली. तिने आमचं शेपूट उचललं. त्याच क्षणी कयाकच्या पोटात काहीतरी खळखळत माझ्या बुडाखालून धावत पुढे गेलं, कोणी आत बादली उपडी केल्यासारखं, आणि नाळेने जी पाण्यात मान खुपसली ती वर आलीच नाही. साडू पुढून गेले. मी साडूंवरून गेलो. पाण्याखाली मला त्यांचा एक पाय, डोलकाठी आणि भरपूर वाळू दिसली, ह्याच क्रमाने.

उभा राहिलो तेव्हा पाणी कमरेइतकं होतं. नाकातून अरबी समुद्र वाहत होता. रापणीवरची चार माणसं आली आणि त्यांनी कयाक ओढली. ती त्यांनाही हलेना. उलटी करून तिरकी धरली, तर शेपटाच्या टोकाला असलेल्या एका भोकातून पाणी बदाबदा कितीतरी वेळ पडत राहिलं. सकाळी शांत पाण्यात ते भोक पाण्याच्या वर होतं. येताना मागून येणारी प्रत्येक लाट त्यात घोटभर ओतून गेली होती.

"ओके?" साडूंनी मला विचारलं.

रात्री पानावर बांगड्याचं तिखलं, भात, सोलकढी. कोणी काही बोलत नव्हतं, हे जास्त वाईट. सासूबाई वाढताना मध्येच तोंडाला पदर लावून आत जात होत्या. सासरे शेवटी पंगतीला आले, पाटावर बसले आणि कनवटीला हात घालून त्यांनी एक लहानसा काळा प्लॅस्टिकचा गोल आटा माझ्या ताटाशेजारी, मिठाच्या बाजूला ठेवला.

"ह्या बूच कोणाचा? ओसरेर पडला हुता. सकाळी आठ वाजल्यापासून."

साडूंनी माझ्याकडे पाहिलं. मी सोलकढीत पाहिलं.