'रद्दी'बद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

मसुरीच्या प्रवाळ बुरशांवरच्या (पोवळ्यासारख्या फांद्या फुटणाऱ्या बुरशा) माझ्या लेखावर आलेली आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली. आधी चूक कबूल करतो. बुरशीतज्ज्ञ कॉर्नर यांचा क्लॅव्हेरिया या प्रवाळ बुरशांच्या गटावरचा ग्रंथ 1950 चा, मी 1951 लिहिलं होतं. दुरुस्त केलंय, आभार.

पण त्या लेखात मी बुरशांच्या सुकवून ठेवलेल्या नमुन्यांच्या पाकिटांना नोंद म्हटलं होतं, त्यावर आपण लिहिता, "सुकलेल्या तुकड्यांच्या पाकिटांना नोंद म्हणणं म्हणजे रद्दीला इतिहास म्हणणं. मी लंढौरला फोटो काढला, ॲपने सेकंदात रामारिया बोट्रायटिस सांगितलं." मतभेद असू देत, पण हा कुठला सूर? ज्यांनी भर पावसात डोंगर तुडवून ती पाकिटं भरली, त्यांच्याबद्दल 'रद्दी' हा शब्द लिहिताना हात जरा तरी अडखळायला हवा होता.

रामारिया बोट्रायटिस ही प्रवाळ बुरशीची एक जात. तिच्या फांद्यांची टोकं गुलाबी-लालसर, बुंधा जाड आणि पांढरा, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा. ही खातात. तिच्यासारखीच दिसणाऱ्या रामारिया फॉर्मोसाच्या फांद्या गुलाबी-केशरी, टोकं पिवळी. हिने पोट बिघडतं. जून झाल्यावर दोघींचे रंग उडतात, मग फोटोत काय दिसणार? आता पाकीट उघडा. सुकलेल्या फांदीचा कण कॉस्टिक पोटॅशच्या (एक तीव्र अल्कली) थेंबात भिजवून मायक्रोस्कोपखाली धरा. बोट्रायटिसच्या बीजाणूंवर लांबीच्या दिशेने बारीक रेघा असतात, फॉर्मोसाच्या बीजाणूंवर चामखिळीसारखे उंचवटे. साठ वर्षांनीही ते दिसतात. तुमच्या फोटोतून बीजाणू काढून दाखवा.

रंग सुकल्यावर जातो, हे खरंच. म्हणून तर पाकिटावरची चिठ्ठी लागते. बुरशीतज्ज्ञ कर्तारसिंग ठिंड यांनी मसुरीच्या डोंगरांत या कुळातल्या बुरशा गोळा केल्या, 1961 साली भारतातल्या क्लॅव्हेरिएसीवर, म्हणजे याच कुळावर, पुस्तक काढलं. त्या कामामागे ताज्या बुरशीसमोर बसून लिहिलेली टिपणं होती: रंग, जागा, उंची, तारीख. पाकीट आणि चिठ्ठी एकत्र असली की पुढचा माणूस ठिंड यांनाही चूक ठरवू शकतो. तुमच्या ॲपला कोण आणि कशावरून चूक ठरवणार?

मी ऐकीव बोलत नाही. एका कॉलेजच्या हर्बेरियममध्ये, म्हणजे सुकवलेल्या नमुन्यांच्या संग्रहात, मी एकोणीस वर्षं काढली, डांबरगोळ्यांचा वास अजून हातांतून गेलेला नाही. आंबोलीत उचललेली माझी पिवळी प्रवाळ बुरशी दोन दिवसांत चहाच्या चोथ्यासारखी तपकिरी झाली. ती पिवळी होती याचा पुरावा म्हणून आज फक्त माझी पेन्सिलीची ओळ उरलीय: 'हळदीसारखी, टोकं फिकट, कुजक्या पानांत, वास नाही.' पुढे प्रयोगशाळा हलवताना तिथली चार कपाटं पाकिटं खरोखरच रद्दीत घातली गेली. मी दारात उभा होतो. तेव्हा तुमचा तो शब्द मला का लागला, हे आता तरी कळावं.

नावं बदलली, मी शास्त्रज्ञ नाही, लेख लांबला, हे आपले बाकीचे आक्षेप मी सोडून देतो. नावं बदलतातच, आणि ती बदलायलाही जुनी पाकिटंच उघडावी लागतात.

लंढौरची ती बुरशी तुम्ही पुढे खाल्लीत की नाही, हे लिहिलेलं नाही. खाल्ली नसेल तर खाऊ नका. आणि ती कुठल्या झाडाखाली होती, बांज ओक की देवदार, आणि तारीख कोणती, एवढं कळवा. फोटोत पायाशी नुसता चिखल दिसतोय.