मुखपृष्ठावर मोबाइल दिला की पोरं येतात?

आज सकाळी आमच्या दिवाळी अंकाच्या ग्रुपवर मुखपृष्ठ येऊन पडलं आणि चहा तसाच राहिला. नऊवारीतली बाई, नाकात नथ, हातात निरांजन, इथवर ठीक, दरवर्षी येतेच बिचारी, पण यंदा दुसऱ्या हातात मोबाइल आणि कानात इयरफोन! खाली मेसेज, 'यंदा तरुणाईला डोळ्यासमोर ठेवून'. त्याखाली अंगठे, जोडलेले हात आणि एका ज्येष्ठांचं 'अप्रतिम कल्पना'. बाई एआयकडून काढून घेतलीय हे उघड आहे, नथ उजव्या नाकपुडीत आहे, पण ते कोणाच्या लक्षातसुद्धा नाही.

मी कुडाळात डीटीपी आणि छपाईची कामं करते, लग्नपत्रिकेपासून सोसायटीच्या अहवालापर्यंत सगळं, म्हणजे ही फाइल शेवटी माझ्याकडेच येणार आणि मला सांगणार काय, तर 'टायटल जरा मोठा कर गो'. त्या बाईमागचा तो झगझगीत निळा रंग स्क्रीनवरच तसा दिसतो, सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शाईंत गेला की मळकट होतो, ते सांगितलं की प्रेसवाल्याचा दोष.

माझ्या भाचीची गोष्ट ग्रुपवर सांगितली होती, कोणी मनावर घेतली नाही, म्हणून इथे सांगते. आम्ही कणकवली स्टँडवर कुडाळ गाडीची वाट बघत होतो. स्टॉलवर अंक क्लिपांना टांगलेले, सगळ्यांवर बायका आणि पणत्या. त्यात एकावर दशावतारातला स्त्रीपार्टी, म्हणजे बाईची भूमिका करणारा नट, रंगपटात पेटाऱ्यावर बसलेला, समोर आरसा. अर्धा चेहरा रंगवून झालेला, कुंकू, केसात अबोलीचा वळेसर. उरलेला अर्धा कोरा, दाढीचे खुंट दिसतायत आणि कानावर विडी. हाताने काढलेलं चित्र. आमची कॉलेजकन्या, जिला घरात पेपर दिला तर ती त्यावर नेलपेंट सुकवते, ती थांबली. "आत्या, ह्यो बापयो आसा काय बाई?" आणि अंक खाली ओढला.

मला सांगा, या चित्रात मोबाइल कुठे होता?

पोरांना मोबाइलचं चित्र कशाला दाखवताय, त्यांच्या हातात खराखुरा आहे! त्यांना थांबवायचं तर डोक्यात एक प्रश्न टाकावा लागतो आणि ही काही आजची अक्कल नाही. 'आवाज' या दिवाळी अंकाच्या खिडक्या आठवा. वरच्या पानाला भोक, त्यातून भलतंच काहीतरी दिसतंय, पान उलटलं की वेगळंच निघतं. आमच्या वडिलांच्या पिढीने त्या खिडक्या मोठ्यांची नजर चुकवून उघडल्या, आणि आज तीच पिढी समितीत बसून विचारते, तरुणांना कशाने खेचायचं?

आणि मुखपृष्ठावरच्या बाईला माझा विरोध नाहीय हो. चित्रकार दीनानाथ दलालांची बाई, रघुवीर मुळगावकरांची बाई, लोकांनी भिंतीवर लावल्या. दोघंही गोव्याचे, आपल्याच किनाऱ्यावरचे. दलालांनी तर 1945मध्ये स्वतःचा 'दीपावली' अंक काढला. त्यांच्या बाईच्या नजरेत काहीतरी चाललेलं असायचं, आपल्या यंदाच्या बाईच्या नजरेत फक्त चार्जिंग आहे.

शिवाय अंक आता पहिल्यांदा दिसतो तो व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर, अंगठ्याएवढा. त्यात तुम्ही खाली सगळ्या लेखक मान्यवरांची नावं घालणार, का तर एकाचं घातलं की दुसरा रुसतो. अंगठ्याएवढ्या चित्रात ती मुंग्यांची रांग कोण वाचणार? एक चेहरा, एक ओळ, बास. नावांसाठी अनुक्रमणिका असते ना!

आता तुम्ही म्हणाल जाहिरातदारांना पारंपरिक काहीतरी लागतं, आणि अंक विकत घेणारे शेवटी साठीच्या पुढचेच. बरं, आहे खरं. मग 'तरुणाईला डोळ्यासमोर ठेवून' असं लिहू नका, विषय संपला.

पुन्हा भाचीकडे येते. तिने अंक नुसता बघून ठेवून दिला असता, पण आत त्याच नटाची मुलाखत होती, पोटापाण्याला काय करतो, रात्रभर जागून सकाळी कामाला कसा जातो, मिशी ठेवता येत नाही म्हणून बायको काय म्हणते. उभ्या उभ्या वाचत राहिली, कुडाळ गाडी लागली तरी हलेना, मग रिचार्जच्या पैशातून विकत घेतला. बाकीचा अंक वाचला का? नाही. संपादकीय तर नाहीच नाही. पण तो अंक अजून तिच्या टेबलावर आहे, आणि त्यावर नेलपेंट सुकवत नाही. आमच्या अंकात आत काय आहे? सगळे लेखक निवृत्त, एक प्रवासवर्णन सिंगापूरचं. बाहेर इयरफोन आणि आत पेन्शनरांच्या कविता, पोरं एकदा फसतील, पुढच्या वर्षी स्टॉलकडे बघणारसुद्धा नाहीत.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. समितीतली माणसं वाईट नाहीत, पदरचे पैसे घालतात, जाहिरातींसाठी भर उन्हात स्कूटरवरून दुकानं फिरतात, मलाच कौतुक वाटतं. नाहीतर केव्हाच बंद पडला असता हा अंक. पण इथून हाकेच्या अंतरावर पिंगुळी आहे, चित्रकथीची, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायच्या कलेची पिंगुळी, तिथले चित्रकथी कलाकार परशुराम गंगावणे यांना 2021मध्ये पद्मश्री मिळाली, आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले, आणि आपल्याच अंकाला चित्र हवं तर विचारतो कोणाला, एआयला! त्या चित्रांतले ते मोठे डोळे अंगठ्याएवढे केले तरी बघत राहतात तुमच्याकडे.

तर रविवारच्या मीटिंगला मी ती मोबाइलवाली बाई लावणार नाही असं स्पष्ट सांगणार आहे. पिंगुळीत चित्रकथी काढणारं कोणी कॉलेजचं पोरगं-पोरगी ओळखीत असेल तर इनबॉक्स करा. मानधन मिळेल, समितीशी भांडून मी घेऊन देते. आणि दशावतारात काम करणारं, वीस-बावीसचं, स्वतःबद्दल चार पानं लिहील असं कोणी असेल तर तेही कळवा, मालवणीत लिहिलं तरी चालेल, टाइप मी करीन.