औषध मोफत आहे, पण रुग्ण तिथवर पोहोचतो कसा?

‘एचआयव्हीची औषधे सरकारी रुग्णालयात फुकट मिळतात, साथही ओसरली आहे, मग स्वयंसेवी संस्थांना पोसण्याऐवजी तो पैसा रुग्णालयांनाच का देऊ नये?’ अशा आशयाचा मजकूर सध्या बराच फिरतो आहे.

औषधे मोफत आहेत, हे खरेच. १ एप्रिल २००४ पासून सरकारने एआरटी, म्हणजे एचआयव्हीचा जोर रोखणारी औषधे, विनामूल्य द्यायला सुरुवात केली आणि महाराष्ट्र त्या पहिल्या टप्प्यातच होता. मात्र हे उपचार जन्मभराचे असतात; गोळ्यांत वारंवार खंड पडला, तर विषाणू त्याच औषधांना दाद देईनासा होतो. जिचा दिवस दुपारी उजाडतो आणि जिला रुग्णालयाच्या रांगेत कोणी ओळखेल याची धास्ती असते, त्या वेश्यावस्तीतल्या बाईने सकाळच्या वेळेत केंद्रावर यावे आणि दर महिन्याला येत राहावे, ही अपेक्षा कागदावर सोपी दिसते. समुपदेशक फोन करतात, पण नंबर बदललेला असतो. नोंदवहीतले नाव आणि गल्लीतले नावही पुष्कळदा निराळे. ती यात्रेला गेली, गावी गेली की दुसऱ्या शहरात गेली, हे ठाऊक असते ते त्याच गल्लीतल्या पीअर एज्युकेटरला, म्हणजे त्याच व्यवसायातल्या प्रशिक्षित कार्यकर्तीला, आणि तिचे तुटपुंजे मानधन या ‘पोसण्या’च्या पैशातूनच निघते. सांगलीत १९९२ पासून काम करणाऱ्या ‘संग्राम’ या स्वयंसेवी संस्थेने हेच ओळखून वेश्याव्यवसायातील स्त्रियांच्या हाती काम सोपवले, त्यातून पुढे ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ ही त्यांची स्वतःची संघटना उभी राहिली.

साथ ओसरल्याचा दावा सरासरीवर उभा आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आकडेवारीनुसार प्रौढांमधील एचआयव्हीबाधितांचे प्रमाण सुमारे ०.२२ टक्के होते. त्याच वर्षीच्या पाहणीत ते वेश्याव्यवसायातील स्त्रियांमध्ये १.५६, तृतीयपंथीयांमध्ये ३.१४ आणि सुईने नशा करणाऱ्यांमध्ये ६.२६ टक्के आढळले. रुग्णालयाच्या दारापर्यंत जायला सर्वाधिक कचरणारे लोकही हेच.

‘संस्था पैसे खातात’ हा आक्षेप सर्वस्वी खोटा नाही. कागदोपत्री चालणाऱ्या संस्था असतात आणि त्यांचे करार रद्दच व्हायला हवेत. परंतु सगळ्यांना एका मापाने मोजताना हेही ध्यानात असावे, की वेश्याव्यवसायविरोधी प्रतिज्ञेची अट घालणारा अमेरिकी निधी ‘संग्राम’ने २००५ साली नाकारला होता. हिशेब जरूर मागावा. फक्त तो किती निरोध वाटले एवढ्यावर न थांबता, तपासणीत बाधित आढळलेल्यांपैकी किती जण वर्षानंतरही औषधांवर टिकले आणि किती जणांच्या रक्तातील विषाणूचे प्रमाण दबले, इथवर न्यावा. ते टिकावेत म्हणून वस्तीत फेऱ्या कोणी मारल्या, हेही त्याच हिशेबात लिहावे लागेल.